बक्षिशी दानाच्या खात्यात टाकू नका



आज थोडं भांडणाच्या सुरात लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. विषय हॉटेलात वाढणाऱ्या मुलाला द्यायच्या बक्षिशीचा आहे. आमच्या घरात यावरून गेला महिनाभर धुसफूस चालली आहे आणि माझं म्हणणं घरात कोणी पूर्ण ऐकून घेत नाही, म्हणून इथे मांडते.

झालं असं. नात्यातलं एक लग्न उरकून आम्ही आठ जण संभाजीनगरहून सोयगावला परत येत होतो. सिल्लोड मागे पडलं तेव्हा दिवस मावळायला जेमतेम पाऊण तास उरला होता. आमच्यातल्या पाच जणांचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. गाडी रस्त्यावरच्या एका हॉटेलात वळवली. वाढायला एकच पोरगा होता, वीस-बावीस वर्षांचा. त्याला आम्ही काय काय सांगितलं ते मोजा. कांदा-लसूण नको. बटाटा नको. शेवभाजी करा, पण वाटण न घालता. तवा धुऊन घ्या. दोघींना उकळलेलं पाणी हवं. आणि हे सगळं वीस मिनिटांत, कारण सूर्य आमच्यासाठी थांबणार नाही. तो पोरगा तीन वेळा आत जाऊन आचाऱ्याशी बोलून आला. शेजारच्या टेबलावरचे लोक त्याच्या नावानं ओरडत होते, ते त्यानं ऐकून घेतलं. आम्ही वेळेत जेवलो.

बिल झालं १,७६० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी ८८ रुपये, एकूण १,८४८. दोन हजार दिले, १५२ परत आले. आमच्या धाकट्या दिरांनी दीडशे रुपये उचलून खिशात घातले, दोनचं नाणं बडीशेपेच्या ताटलीत टाकलं आणि उठले.

हेच दीर मागच्या पर्युषणात स्थानकात ५१ हजारांचं दान बोलले होते. नाव पुकारलं गेलं तेव्हा मला अभिमानच वाटला होता. म्हणून ते दोनचं नाणं मला जास्त लागलं.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "भाऊजी, आपल्यासाठी तो पोरगा किती पळाला!" तर ते म्हणाले, "भाभी, पगार मालक देतो. बिलात सर्व्हिसचे पैसे लागलेलेच असतात. या लोकांना सवयी लावू नयेत. आणि आपण दान काय कमी करतो का?" चार वाक्यांत चार मुद्दे. मी १९८२ सालची बी.कॉम. आहे, हिशेब बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, बिलात सर्व्हिसचे पैसे लागलेले असतात. लागलेले नव्हते. बिलावर सीजीएसटी ४४ आणि एसजीएसटी ४४ अशा दोन ओळी होत्या. तो कर आहे. निम्मा केंद्राकडे जातो, निम्मा राज्याकडे. त्यातला एक पैसाही वाढणाऱ्याच्या हातात पडत नाही. आपल्यातल्या शिकलेल्या माणसांचाही इथे घोळ होतो. सर्व्हिस चार्ज ही निराळी गोष्ट. मोठ्या शहरातली काही हॉटेलं तो आपल्या मर्जीनं बिलात घालत असत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की हॉटेलांनी असा आकार बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवेल. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हा बिल नीट वाचा. असा आकार लावलेला दिसला तर काढून टाकायला सांगा, नाही ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पण जो आकार बिलात नाहीच, त्याचं निमित्त करून हात आखडता घेऊ नका.

दुसरा मुद्दा, पगार मालक देतो. हे अर्ध खरं आहे आणि म्हणूनच फसवं आहे. पगार मालकानंच द्यायला हवा, पुरेसा द्यायला हवा, यात मला शंका नाही. १९४८ पासून आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा आहे. आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. हॉटेल आणि खानावळीतली नोकरीही त्यात येते. बक्षिशी हा पगार नव्हे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०१६ साली आयकराच्या एका खटल्यात सांगितलं आहे. बक्षिशी गिऱ्हाईक देतं, मालक देत नाही, म्हणून तिला मालकानं दिलेला पगार धरून मालकाकडून टीडीएस मागता येणार नाही, असा तो निकाल. आम्हा कॉमर्सवाल्यांना आवडावा असा! पैसा कोणाचा, कोणाच्या हातून गेला आणि कोणाचा झाला, हे त्यात स्वच्छ केलं आहे.

बक्षिशीलाच पगार समजलं की काय होतं ते बघायचं असेल तर अमेरिकेकडे बघा. माझी भाची तिथे आहे. पहिल्यांदा हॉटेलात गेली तेव्हा बिलाच्या वर पंधरा-वीस टक्के ठेवायचे ऐकून ती चक्रावलीच. कारण नंतर कळलं. तिथल्या केंद्रीय कायद्यानं साधं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे, पण ज्यांना टिप मिळते त्यांना मालकानं पदरचे २.१३ डॉलर दिले तरी चालतात, बाकीची भर टिपमधून पडली की झालं. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांनी आपले दर वाढवले आहेत, पण मूळ कायदा तोच. म्हणजे मालकाचा बोजा गिऱ्हाइकावर आणि माणसाचं पोट गिऱ्हाइकाच्या लहरीवर. हे आपल्याकडे येऊ नये असंच मलाही वाटतं.

पण भाऊजी, "पगार मालकाचं काम" असं म्हणून ताटलीत दोन रुपये टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी गल्ल्यावरच्या मालकाला विचारलं आहे, की बाबा, या पोराला तू देतोस किती? मी माझ्या साठ-पासष्ट वर्षांत एकालाही विचारताना पाहिलं नाही. मालकाला विचारायचं नाही आणि पोराला द्यायचं नाही, मग हे तत्त्व कसलं? ती दीडशे रुपयांची बचत झाली.

तिसरा मुद्दा, सवयी बिघडतात. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे, आणि ते नेहमी खालच्या माणसाबद्दलच ऐकते. दुकानावर जुनं गिऱ्हाईक आलं की आपण दोन रुपये सोडतो, तेव्हा गिऱ्हाइकाची सवय बिघडत नाही. दिवाळीला मोठ्या साहेबांकडे काजूकतलीचा डबा जातो, तेव्हा साहेब बिघडत नाहीत. वीस रुपयांनी बिघडतो तो फक्त वाढपी. यावर मी जास्त लिहीत नाही, तुम्हीच विचार करा.

आता चौथा मुद्दा. माझं खरं भांडण इथेच आहे. "आपण दान काय कमी करतो का?"

नाही, कमी करत नाही. आपला समाज भरपूर देतो. गोशाळा, पांजरपोळ, दवाखाने, धर्मशाळा, सगळ्याला देतो. पण मैत्रिणींनो, खातं चुकतंय. खरेदीची उधारी कोणी देणगीच्या खात्यात टाकत नाही. वाण्याचं बिल थकवून तोच पैसा मंदिराच्या पेटीत टाकला, तर पुण्य लागेल का? आपल्यासाठी कोणी पळालं, आपल्या नियमांसाठी शेजारच्या टेबलाच्या शिव्या खाल्ल्या, तर ते आपलं देणं झालं. ते दानाच्या खात्यात बसत नाही. दान आपल्या इच्छेवर असतं, देणं नसतं. आणि आपण जैन लोक हॉटेलात साध्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त काम लावतो, हे आपण कबूलच करत नाही. आपला नियम आपण पाळायचा आणि त्याचे हेलपाटे दुसऱ्यानं घालायचे, तर नियमाचं श्रेय एकट्यानं कसं घ्यायचं?

हे मी कोणाला शिकवायच्या जागेवरून बोलत नाही. माझ्याच घरात माझ्याच हातून काय झालं ते आता सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या जाऊबाईंचं वर्षीतप पूर्ण झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वर्षीतप म्हणजे तेरा महिने एक दिवसाआड उपवास, आणि अक्षय्य तृतीयेला, आमच्या इकडच्या भाषेत आखाजीला, उसाच्या रसानं पारणं. भगवान ऋषभदेवांना वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नव्हता, कारण साधूला द्यायचं काय हेच लोकांना कळत नव्हतं. कोणी रत्नं पुढे केली, कोणी हत्ती-घोडे. पोटाला अन्न हवं हे कोणाच्या ध्यानात येईना. शेवटी श्रेयांसकुमारांनी उसाचा रस दिला. तो हा दिवस.

चारशे पानं होती. सोयगावचं एप्रिलचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, मांडवात उभं राहवत नव्हतं. रसोईचे महाराज जळगावहून आले होते, त्यांच्यासोबत अकरा वाढपी आणि पुऱ्या लाटायला चार बाया. सगळे पहाटे पाचपासून कामाला लागलेले. अडीच वाजता शेवटची पंगत उठली. मी कोठीच्या दाराशी बसून उरलेली मिठाई आणि भाज्या नातेवाइकांच्या डब्यांत भरून देत होते. मनात एकच, की अन्न वाया जायला नको. तेवढ्यात लाटणाऱ्यांपैकी एक बाई पदरानं घाम पुसत आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्यापुरतं थोडं राहू द्या. सकाळपासून नुसता चहा झालाय."

मी पातेल्यांत डोकावले. भात होता, कढी होती, तळाला थोडी डाळ होती. गोड संपलं होतं. ज्या पुऱ्या त्या बायांनी हजारानं लाटल्या, त्यातली एक उरली नव्हती. पंधरा माणसं कढी-भात जेवून निघाली. जाताना मी प्रत्येकाच्या हातावर शंभराची नोट ठेवली. सगळे खूश झाले, मीही खूश झाले. बक्षिशी दिली, विषय संपला.

संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. वर्षानुवर्षं म्हणत आलेले पाठ, तोंड आपोआप चालतं. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आले. चौथा अतिभार, म्हणजे झेपणार नाही इतका भार घालणं. पाचवा भक्तपान-विच्छेद, म्हणजे जे आपल्या आधीन आहेत त्यांचं अन्नपाणी अडवणं. लहानपणी आम्हाला हे बैलाचं उदाहरण देऊन शिकवलं होतं, आणि मी आयुष्यभर ते बैलापुरतंच ठेवलं होतं. आमच्याकडे बैल नाहीत, तेव्हा हा दोष आपल्याला लागत नाही, असाच माझा समज. त्या दिवशी पाठ तिथेच अडकला. दुपारची पंधरा माणसं डोळ्यांपुढे आली. जाऊबाई उपाशी राहिल्या त्या स्वतःच्या मर्जीनं, आणि आम्ही त्यांची मिरवणूक काढली. ही पंधरा माणसं उपाशी राहिली ती आमच्यामुळे, आणि आम्ही त्यांना शंभर-शंभर रुपये देऊन मोकळे झालो. सगळे रत्नं घेऊन उभे होते तशी मी नोट घेऊन उभी होते. जेवलात का, हे मी विचारलंच नाही.

बक्षिशीचा हा दुसरा धोका आहे. न देणाऱ्याचं मन कोतं होतं, आणि देणाऱ्याचं डोळे मिटून घेतं. नोट हातावर ठेवली की बाकीचं काही बघायला नको.

तेव्हापासून मी काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. पटलं तर घ्या.

हॉटेलात साधारण दहा टक्के ठेवते. त्या दिवशीच्या बिलावर पावणेदोनशे झाले असते. चहा-नाश्त्याला दहा-वीस. आमच्या खास फर्माइशी असतील तर वर आणखी, कारण जास्तीचं काम आम्ही लावलेलं असतं. पैसे ताटलीत टाकत नाही, हातात देते, "दादा, हे तुम्हाला" असं म्हणून. ताटली गल्ल्यावर जाते की कुठे, आपल्याला काय माहीत? आणि ताटलीतलं नाणं उचलताना माणसाची मान खाली जाते. भाजी खारट झाली म्हणून वाढणाऱ्याचे पैसे कापत नाही, भाजी त्यानं केलेली नसते. मागे मोरीवर भांडी घासणारी मावशी दिसली तर तिला वेगळे देते, कारण तिथपर्यंत कोणाचीच बक्षिशी पोचत नाही. आणि चौविहार सांभाळायचा तर तासभर आधी हॉटेलला फोन करते. आपल्या घाईसाठी दुसऱ्याला का पळवायचं?

टेबल पुसायला लहान पोर आलं तर मात्र बक्षिशी देत नाही. गल्ल्यावर जाते आणि वय विचारते. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात, ढाब्यावर किंवा घरकामाला ठेवायला कायद्यानं बंदी आहे. त्या पोराला दहा रुपये देऊन आपण त्याचं भलं करत नाही, मालकाची सोय करतो. "तुम्हाला काय करायचंय?" असं दोनदा ऐकून घेतलं आहे. ऐकून घ्यायची माझी तयारी आहे.

घरच्या कार्यात नियम आणखी कडक. महाराजांशी ठरवतानाच सांगते की वाढपी आणि बाया पहिल्या पंगतीच्या आधी पोटभर नाश्ता करतील आणि पंगतीला जे आहे तेच, गोडासकट, जेवतील. त्यांची पानं चारशेत धरायची. म्हणजे पानं चारशे पंधरा. बक्षिशीची पाकिटं आदल्या रात्री भरून ठेवते आणि स्वतः वाटते, मुकादमाच्या हाती देत नाही. आणि महाराजांच्या दरात घासाघीस करत नाही. तिथे दोन हजार कमी केले की ते महाराजांच्या खिशातून जात नाहीत, लाटणाऱ्या बायांच्या रोजातून जातात.

माझी सून पुण्यात नोकरी करते. तिचं म्हणणं दिरांच्या अगदी उलट. ती म्हणते, "आई, टिप हीच मुळात अपमानाची पद्धत आहे. एकानं द्यायचं आणि दुसऱ्यानं आशेनं उभं राहायचं. जपानमध्ये कोणी टिप देत नाही आणि सेवा उत्तम असते. पगार चांगला हवा, बस." तिचं बरोबर आहे. ज्या दिवशी त्या पोराला पगारात घर चालवता येईल, आठवड्याची सुट्टी मिळेल, दुपारी वेळेवर जेवायला मिळेल, त्या दिवशी मी बक्षिशी बंद करीन आणि नुसतं "छान वाढलंत हो" म्हणून उठेन. पण तो दिवस यायच्या आधीच आपण बक्षिशी थांबवली, तर मालकाचं काही बिघडणार नाही, त्या पोराचं बिघडेल. सुनेला मी एवढंच म्हणाले, "तू पगारासाठी भांड, मी तुझ्या बाजूनं आहे. तोवर माझी पर्स उघडी राहील."

ज्यांना खरंच झेपत नाही त्यांच्यावर माझा रोख नाही. निवृत्त माणसं असतात, शिकणारी मुलं असतात. त्यांनी ताट नीट सरकवून ठेवलं आणि दोन शब्द गोड बोलले तरी पुष्कळ झालं. माझा रोख आहे ५१ हजार पुकारून बोलणाऱ्यांवर, आणि त्यात माझं घर पहिलं.

त्या संध्याकाळचं उरलं सांगते. गाडी सुरू व्हायच्या आधी मी "थांबा" म्हटलं, उतरले आणि परत आत गेले. मला बघून तो पोरगा टेबलाखाली वाकून शोधायलाच लागला. "काय राहिलं आजी, चष्मा?" मी त्याच्या हातात दीडशे रुपये दिले आणि म्हटलं, "हे राहिले होते." तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "पाणी भरून देऊ का बाटलीत? उकळलेलं आहे अजून." सूर्य बुडाला होता, आम्हाला ते चालणार नव्हतं. पण त्याच्या ते लक्षात होतं.

आता चातुर्मासात जागोजागी गौतम प्रसादी होतील, पारणी होतील. यादी करताना साखर, तूप, मैदा, पत्रावळी यांच्या खाली एक ओळ घाला: वाढणारे आणि लाटणाऱ्या किती, आणि ते जेवणार किती वाजता. एवढं या वर्षी झालं तरी माझ्या भांडणाचं सार्थक झालं.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार आहातच. दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम. पण पुढच्या वेळी सुटे पैसे मीच घेणार.